रस्ता उसना घेताना

सिनेमाच्या शूटिंगसाठी रस्ता बंद करून हवा असेल तर आधी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम ११५ वाचून पाहा. त्यात चित्रीकरणाचा उल्लेख कुठेही नाही. लोकांची सुरक्षितता, लोकांची सोय किंवा रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप, एवढ्या कारणांसाठीच वाहनांना मज्जाव करता येतो असं ते सांगतं. मुंबईत वाहतूक पोलीस रस्ता बंद केल्याची अधिसूचना काढतात तेव्हा ११५, ११६ आणि ११७ ही कलमं बहुधा एकत्र येतात. पहिलं मज्जाव करण्याचं, दुसरं पाट्या लावण्याचं, तिसरं गाड्या कुठे उभ्या राहतील ते ठरवण्याचं. विसर्जनाची मिरवणूक, मॅरेथॉन, पुलाचा गर्डर चढवणं, हे सगळं याच दारातून जातं आणि सिनेमावाल्यालाही तिथूनच आत यावं लागतं. फरक इतकाच की मिरवणूक लोकांची असते, पूल लोकांचा असतो, शूटिंग मात्र एका निर्मात्याचं असतं. लोकांच्या सोयीसाठी लिहिलेलं कलम त्याच्यासाठी वापरायचं, तर लोकांची गैरसोय अगदी थोडी आहे हे त्यालाच कागदावर दाखवून द्यावं लागतं. अर्जाचा सगळा खटाटोप त्यासाठी असतो. हे ज्या लोकेशन मॅनेजरला, म्हणजे शूटिंगच्या जागेची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, मनापासून पटलेलं असतं, त्याचा अर्ज दुरूनही ओळखू येतो.

त्याच कलमात एक सवलत आहे. बंदी महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक पातळीवर परिस्थितीनुसार जमेल तेवढी प्रसिद्धी द्यावी. एक-दोन दिवसांचं शूटिंग या एका ओळीवर उभं असतं. पण प्रसिद्धी म्हणजे वाहतूक पोलिसांनी समाजमाध्यमावर टाकलेली सूचना, एवढ्यावर युनिटनं थांबू नये. ज्या आजींना सकाळी सात वाजता डायलिसिसला जायचंय, त्या ती सूचना वाचत नाहीत. त्यांच्या इमारतीच्या सूचनाफलकावर कागद लागला तरच त्यांच्यापुरती प्रसिद्धी झाली.

पण त्याआधीचा प्रश्न असा की रस्ता खरोखर बंद करायला हवा का? दिग्दर्शक 'रस्ता रिकामा पाहिजे' म्हणतो तेव्हा त्याला अनेकदा कॅमेऱ्याच्या चौकटीत उभ्या असलेल्या गाड्या नको असतात, इतकंच. तिथे फक्त आदल्या रात्रीपासून पार्किंग हटवावं लागतं, वाहतूक चालू राहिली तरी चालते. कधी एक फूटपाथ आणि लगतची एक मार्गिका पुरते. कधी शॉट चाळीस सेकंदांचा असतो आणि तेवढ्यापुरता रस्ता थांबवला की भागतं. याला युनिटमध्ये 'होल्ड' म्हणतात. पूर्ण बंदी लागते ती क्रेन रस्त्याच्या मधोमध उभी करायची असेल, कॅमेरा सरकवायची ट्रॅक-ट्रॉली अंथरायची असेल, गाडीचा स्टंट असेल किंवा कृत्रिम पाऊस पाडायचा असेल तेव्हा. वाहतूक खात्यातला अधिकारी अर्ज हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच विचारतो, आणि 'सकाळी सहा ते रात्री दहा पूर्ण बंद' असं लिहिलेला अर्ज तिथेच बाजूला पडतो.

होल्डचं गणित हातानं करून बघण्यासारखं आहे. समजा, एका मार्गिकेवरून तासाला सहाशे गाड्या जातात, म्हणजे दर सहा सेकंदांना एक. तीन मिनिटं थांबवलं तर तीस गाड्या साचतात. गाडी आणि पुढची फट मिळून सहा मीटर धरले तर रांग १८० मीटर. मागचा चौक दीडशे मीटरवर असेल तर तुमच्या होल्डनं तो चौक तुंबला आणि आडव्या रस्त्याचाही श्वास अडकला. आता रांग सोडायची. रस्ता मोकळा, चालक तयार, दर दोन सेकंदांना एक गाडी निघतेय असं मानलं तर मागून येणाऱ्या धरूनही दीड मिनिटात रांग संपते. पण अरुंद गल्ली, रिक्षा, हातगाडी, शूटिंग बघायला वेग कमी करणारे दुचाकीस्वार, यांमुळे चार सेकंदांना एकच गाडी निघाली तर रांग संपायला सहा मिनिटं लागतात. निघण्याचा वेग निम्मा झाला, वेळ मात्र चौपट झाला. म्हणजे तीन मिनिटांच्या होल्डमागे सहा मिनिटांची सोडवणूक आणि तासाला जेमतेम सहा-सात टेक. कॉलशीट, म्हणजे दिवसाच्या कामाचा तक्ता, लिहिताना तासाला वीस टेक धरलेले असतात, आणि मग चौथ्या होल्डला रांग पूर्ण सुटण्याआधीच 'रोल', म्हणजे कॅमेरा चालू करा, म्हटलं जातं. तिथून पुढे हॉर्न वाजायला लागतात. म्हणून रेकीच्या, म्हणजे जागेच्या आगाऊ पाहणीच्या, दिवशी पंधरा मिनिटं उभं राहून गाड्या मोजाव्यात, चारनं गुणावं आणि मागचा चौक किती मीटरवर आहे ते टेपनं मोजावं. याला ना खर्च लागतो ना ओळख.

आणि होल्ड करायचा अधिकार वाहतूक पोलिसाचाच. असिस्टंट डायरेक्टर, बाउन्सर किंवा वॉकीवाला मुलगा यांना कोणाचीही गाडी अडवण्याचा हक्क नाही. पोलिसाच्या शेजारी उभं राहून 'साहेब, आता' एवढंच त्यांनी म्हणायचं. परवानगीचा कागद खिशात असूनही दिवस बिघडतो तो अनेकदा अशाच जागी, जिथे पोरसवदा मुलानं कुणा दुचाकीवाल्याच्या हँडलला हात घातलेला असतो.

आता रस्ता कोणाचा, हे शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. वांद्रे-वरळी सागरी सेतू एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ), अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), किनारी रस्ता महापालिकेचा: तिन्ही समुद्रावरचे आणि तिघांची दारं वेगळी. बॅलार्ड इस्टेट पोर्ट ट्रस्टनं भराव टाकून वसवलं, त्यामुळे तिथे बंदर प्राधिकरणालाही विचारायला जावं लागतं. रेल्वे स्टेशनाबाहेरचं आवार रेल्वेचं की महापालिकेचं, हे फरशीचा रंग बदलतो तिथे कळतं. साध्या रस्त्याला वॉर्ड ऑफिसचं परिरक्षण (देखभाल) खातं, हद्दीतलं पोलीस ठाणं आणि वाहतूक विभागाची चौकी, हे तिघे लागतातच. रस्ताच दोन वॉर्डांची किंवा दोन पोलीस ठाण्यांची सीमा असेल तर डावा फूटपाथ एकाकडे आणि उजवा दुसऱ्याकडे जातो. अशा वेळी दोन्ही ठिकाणी अर्ज द्यावा. एकानं दिलेली परवानगी दुसऱ्याच्या फूटपाथवर चालत नाही, आणि हे नेमकं जनरेटर व्हॅन पलीकडे लावल्यावर उमगतं.

नावांचा घोळ तर मुंबईचा जुना. लोक लॅमिंग्टन रोड म्हणतात, कागदावर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. कॅडेल रोड स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग आहे, मरीन ड्राइव्ह नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. महात्मा गांधी रोड फोर्टमध्ये आहे, घाटकोपरला आहे, गोरेगावलाही आहे. अर्जात दोन्ही नावं लिहावीत, आणि 'अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत, सुमारे इतके मीटर' असं दोन टोकं धरून सांगावं. 'हॉटेलसमोरचा रस्ता' हे वर्णन बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराच्या काही कामाचं नसतं, कारण ते हॉटेल त्याच्या नकाशात नाही.

महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचा कारभार पाहणारं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळच ती चालवतं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, शुल्क भरता येतं, अर्ज संबंधित खात्यांकडे जातो. ही सोय फार मोलाची आहे, कारण एका सेटच्या फायली घेऊन पाच कचेऱ्यांच्या आवक टेबलांवर शिक्के गोळा करणं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. तरी खिडकी एक असली तरी आतली टेबलं अनेकच राहतात. वाहतूक चौकीतला अधिकारी जागा बघून अभिप्राय देतो, तो वरच्या कार्यालयात जातो, तिथून हो किंवा नाही येतं. त्या अधिकाऱ्याला जागेवर नेऊन नकाशा दाखवणं, त्याच्या शंका लिहून घेणं आणि त्याप्रमाणे वेळ बदलणं हे काम संगणक करत नाही. अर्ज गेला, आता उत्तर येईल, असं म्हणून घरी बसणाऱ्याला उत्तर येतं ते बहुधा शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी.

अर्जाला काय जोडावं? निर्मितिसंस्थेच्या लेटरहेडवर पत्र, निर्मात्यांच्या संघटनेचं पत्र, त्या प्रसंगाचा अर्ध्या पानाचा गोषवारा, तारीख आणि तास, माणसांची संख्या, प्रत्येक गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चालकाचं नाव, विम्याची प्रत, नुकसान भरून देण्याचं हमीपत्र. गोषवारा लपवाछपवीनं लिहू नये. 'दोन पात्रं बोलत चालतात' असं लिहून प्रत्यक्षात पाठलाग चित्रित केला, तर परवानगी त्या पाठलागाची नसतेच. आणि या सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे नकाशा. हातानं काढलेला असला तरी चालेल, पण त्यात बंद भाग, बॅरिकेडच्या जागा, पर्यायी मार्गाचे बाण, प्रत्येक इमारतीचं फाटक, बसथांबा, दवाखाना, शाळा आणि अग्निशमनाची गाडी शिरेल ती पट्टी दिसली पाहिजे. वाहनाची कमाल रुंदी नियमानं २.६ मीटर असते. दोन्ही बाजूंना थोडी फट धरून साडेतीन मीटरची पट्टी शेवटपर्यंत मोकळी ठेवावी, तिच्यावर लाइट स्टँडसुद्धा नको. रस्ता 'पूर्ण बंद' असला तरी ही पट्टी बंद नसते. क्रेन या पट्टीत उभी करायचीच असेल तर ती किती मिनिटांत बाजूला घेता येईल हे आधी घड्याळ लावून बघावं. बेस्टची बस त्या रस्त्यानं जात असेल तर बसमार्ग वळवण्याचं पत्र बेस्टला वेगळं द्यावं लागतं, आणि वळवलेल्या वाटेवर बसचा वळसा बसतो का तेही बघावं लागतं. कोपऱ्यावर कलंडलेला मांडव किंवा खाली आलेली झाडाची फांदी असली की दुमजली बस अडकते.

युनिटमधल्या फार थोड्या लोकांच्या ध्यानात येतं की लोकांच्या तक्रारी शॉटबद्दल कमी आणि गाड्यांबद्दल जास्त असतात. शॉट होतो साठ मीटरमध्ये. पण त्याच्यामागे कलाकारांच्या तयारीच्या व्हॅनिटी व्हॅन येतात, एकेक जवळपास बसएवढी. १२५ केव्हीएचा जनरेटर येतो, लाइटचा टेम्पो, कॅमेऱ्याची गाडी, सेट उभारणाऱ्या सेटिंगदादांचा ट्रक, कपडेपटाची गाडी, जेवणाचा टेम्पो, ज्युनिअर आर्टिस्टची बस. हा काफिला दोन-अडीचशे मीटर कडेनं पसरतो. परवानगी सहा ते दहाची आणि गाड्या पहाटे तीनला येऊन रहिवाशांच्या जागा अडवतात. त्या तीन तासांचा कागद कोणाकडेच नसतो. उपाय साधा आहे: गाड्यांचा तळ शूटिंगच्या रस्त्यावर ठेवू नये. जवळचं मैदान, बंद गिरणीचं आवार, कार्यालयाचं रविवारी रिकामं राहणारं पार्किंग भाड्यानं घ्यावं आणि फक्त जनरेटर, लाइट, कॅमेरा जवळ आणावेत. केबल रस्ता ओलांडत असेल तर रबरी केबल रॅम्प घालावा. नुसत्या चिकटपट्टीनं दाबलेल्या केबलला व्हीलचेअर अडते आणि सायकलवाला पडतो.

वेळ निवडताना सूर्याचं पंचांग बघावं. मुंबईत मेअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातला. फोर्टमध्ये रविवारी सकाळी साडेनऊ-दहापर्यंत तुलनेनं सामसूम असते, म्हणजे उन्हाळ्यात उजेडाचे साडेतीन-चार तास हाताशी येतात आणि जानेवारीत सव्वादोन-पावणेतीन. तोच प्रसंग, तोच रस्ता, पण हिवाळ्यात तो एका सकाळीत मावत नाही. मग 'आणखी एकच तास' अशी विनवणी सुरू होते. त्यापेक्षा दोन रविवार मागितलेले बरे. पहाट सगळीकडे शांत असते हा गैरसमजही सोडून द्यावा. दादरच्या फूलबाजारात पहाटेच पाऊल ठेवायला जागा नसते, ससून डॉकला मासळीची खरी घाई तेव्हाच चालते. त्यामुळे रेकी शूटिंगच्याच वारी, शूटिंगच्याच वेळी करावी. मंगळवारी दुपारी बारा वाजता बघितलेली गल्ली रविवारी सकाळी वेगळीच असते.

वर्षाचं गणितही आहेच. गणपती-नवरात्रात पोलीस बळ मोकळं नसतं. ६ डिसेंबरला दादर, १४ एप्रिलच्या आसपास ठिकठिकाणी, जानेवारीत मॅरेथॉनचा रविवार, फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावीच्या परीक्षा, अधिवेशन चालू असताना विधान भवनाचा परिसर, निवडणुकीचे दिवस: या तारखांना अर्जच करू नये. शेजारच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू आहे का हे वॉर्ड ऑफिसात विचारून घ्यावं, नाहीतर तुम्ही पर्यायी म्हणून दाखवलेला मार्गच खणलेला निघतो.

गल्लीत सार्वजनिक गणपतीचा मांडव बसतो तेव्हाही वॉर्ड ऑफिस, पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांच्याकडे जावंच लागतं. रस्ता मांडवानंही अडतो. तरी गल्ली तो सांभाळून घेते, कारण वर्गणीच्या पुस्तकात प्रत्येक घराचं नाव असतं. सिनेमाच्या युनिटकडे ते पुस्तक नसतं. म्हणून चार-पाच दिवस आधी प्रत्येक इमारतीच्या सेक्रेटरीला भेटावं, तारीख-वेळ आणि उचलला जाईल असा एक फोन नंबर छापलेला कागद प्रत्येक मजल्यावर द्यावा, आणि विचारावं: त्या दिवशी कोणाचं लग्न आहे का, कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे का, पाण्याचा टँकर कधी येतो, कचऱ्याची गाडी किती वाजता येते? दूधवाला आणि पेपरवाला पहाटे आत येणारच, त्यांची नावं बॅरिकेडवरच्या माणसाकडे असावीत. अंत्ययात्रा आली तर कॅमेरा थांबतो, लाइट विझतात, युनिट उभं राहतं. यावर चर्चा होत नाही.

वडापावची गाडी, चांभार, फुलवाली, इस्त्रीवाला यांची त्या दिवसाची कमाई बुडते. ती भरपाई निर्मितीच्या खर्चात वेगळ्या ओळीनं धरावी आणि ज्याची त्याच्या हातात, व्हाउचरवर सही घेऊन द्यावी. 'मी सगळ्यांचं बघतो' म्हणणाऱ्या एखाद्याच्या हातात गठ्ठा ठेवला की तो फुलवालीपर्यंत पोचत नाही, आणि दुपारी ती रस्त्यात येऊन उभी राहते तेव्हा तिचंच बरोबर असतं. भरपाई ही मेहेरबानी नाही. तिची जागा आपण वापरली, त्याचं ते भाडं आहे.

काही गोष्टींना रस्त्याच्या परवानगीखेरीज वेगळे कागद लागतात आणि नेमके तेच राहून जातात. नकली बंदूक किंवा पोलिसाचा गणवेश दिसणार असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं. दूरच्या गॅलरीतल्या माणसाला कॅमेरा दिसत नाही, बंदूक दिसते, आणि तो फोन करतो. ड्रोनवर मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात, दक्षिण मुंबईत नौदलाची ठिकाणंही आहेत. त्यामुळे ड्रोन शॉट शेवटच्या क्षणी सुचला तर तो विसरावा. ध्वनिवर्धकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असू शकतो, तिथे मेगाफोनऐवजी वॉकीच हवा. प्राणी असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते. नकली 'प्रवेश बंद'ची पाटी टेकनंतर लगेच उलटी करावी, ती खरी समजून माणसं वळतात.

धुळीसाठी सिनेमात मुलतानी माती उडवतात. कोरडी असताना ती निरुपद्रवी दिसते. पण त्याच रस्त्यावर नंतर पावसाचा शॉट असेल, टँकरचं पाणी पडलं असेल, तर तिचा गुळगुळीत लेप होतो. ओल्या रस्त्यावर तो चटकन दिसतही नाही. रस्ता खुला झाल्यावर पहिल्या वळणावर दुचाकी घसरते. क्रम नेहमी धुळीआधी पावसाचा ठेवावा, आणि ते जमत नसेल तर माती आधी कोरडी झाडून पोत्यांत भरावी आणि मगच पाणी मारावं. उलट केलं तर ती गटाराच्या जाळीत जाऊन बसते. पावसाच्या शॉटआधी जाळ्या उघड्या आहेत ना हेही हात घालून बघावं. दहा हजार लिटरचा टँकर मोकळा झाला की तुंबलेल्या जाळीवरून पाणी थेट तळमजल्याच्या दुकानात शिरतं.

मुंबईबाहेर कागद कमी दिसतात, पण माणसं तितकीच असतात. वाईला मेणवलीच्या घाटावर शूटिंग नेहमीचं आहे, तिथे ग्रामस्थांचा धुण्या-पाण्याचा आणि देवदर्शनाचा वेळ मोडू नये, एवढं पाळलं तरी बरंच साधतं. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीचा, आणि घाटरस्ता वळवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं. घाटात पर्यायी मार्ग चाळीस-पन्नास किलोमीटरचा असू शकतो, म्हणून तिथे बंदी मागूच नये, होल्डवर भागवावं. गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही परवानग्यांचं काम पाहते. पणजीच्या फोंताइन्याशसारख्या अरुंद वस्तीत मात्र सोसायटीच्या कागदाइतकंच महत्त्व दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या 'बरें' म्हणण्याला आहे.

शूटिंगच्या दिवशी सगळ्या परवानग्यांच्या प्रतींचे चार संच करावेत: एक लोकेशन मॅनेजरकडे, एक-एक दोन्ही टोकांच्या बॅरिकेडवर, एक बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याकडे. फोनमधली फोटोप्रत पुरत नाही, पहाटे चारला फोन उतरलेला असतो. मोठा नट असेल तर त्याची वेळ कुणालाही सांगू नये. गर्दीनं रस्ता असा बंद होतो की त्याला अधिसूचना लागत नाही, आणि मग तो उघडणंही कुणाच्या हातात राहत नाही. दहाची परवानगी असेल तर पॅकअप सव्वानऊला. उरलेला पाऊण तास ट्रॅक उचलणं, केबल गुंडाळणं, खिळे वेचणं यात जातो. खिळ्यांसाठी दोरीला बांधलेला मोठा लोहचुंबक रस्त्यावरून ओढत न्यावा, झाडूनं ते निघत नाहीत.

अनामत रक्कम परत हवी तर फोटो आधीचे लागतात. काम सुरू होण्यापूर्वी रस्त्याचा, फूटपाथच्या प्रत्येक तुटक्या फरशीचा, भिंतींचा, झाडांच्या बुंध्यांचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवावा. नंतर त्याच कोनातून पुन्हा. परिरक्षण खात्याचा माणूस दुपारी पाहणीला येतो तेव्हा दोन्ही संच त्याच्यापुढे ठेवावेत, आणि त्याच्यासोबत त्या साठ मीटरवरून एकदा पायी चालावं. बॅरिकेड तोवर टेम्पोत गेलेली असतात, वळवलेली बस आपल्या थांब्यावर परत आलेली असते, आणि फुलवालीनं पाटी मांडलेली असते.